खड्ड्यांनी उचललेली गाडी

नातवंडांनो, मागच्या वेळी तुम्ही परत निघालात तेव्हा आपल्या जुन्या गाडीत तुमच्या सहा बॅगा भरल्या होत्या. गाडी मागून चांगलीच बसली होती. तुमच्यातल्या धाकटीने वाकून पाहिले आणि हिचे पोट जमिनीला लागेल का, असे विचारले. विमानतळावर बॅगा काढायला तुम्ही मागे आलात, तेव्हा गाडी पुढूनमागून सारखी उभी होती. धाकटीने मग दुसरा प्रश्न विचारला, की ही आपोआप कशी उठली. मी सावकाश सांगेन म्हणाले आणि राहून गेले.

मागच्या महिन्यात बुलढाण्याचे मिस्त्री गेले. गाडीच्या मागच्या बाजूला काय बसवले आहे आणि ते तिथे कसे आले, हे पुरते माहीत असलेली माणसे तीनच होती: तुमचे आजोबा, मिस्त्री आणि मी. आता मी एकटी उरले आहे. परवा तुमचे बाबा फोनवर म्हणाले, आता काही बिघडले तर ते नळकांडे काढून टाक आणि साधे जाड स्प्रिंग बसवून घे. हा सल्ला मी एकदा ऐकला आहे आणि मानलेला नाही. का मानला नाही, ते लिहून ठेवणे आता लांबवणे बरोबर नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू द्या.

गाडी आपल्या घरी नवी आलेली नाही. जिल्ह्यात परदेशी मदतीवर चाललेला विहिरींचा एक प्रकल्प होता. तो बंद झाला आणि त्याच्या दोन सारख्या गाड्या लिलावात निघाल्या. चारही चाकांना जोर देणाऱ्या, उंच, चौकोनी गाड्या. एक तुमच्या आजोबांनी घेतली, दुसरी वडनेर भोलजीच्या एका शेतकऱ्याने. गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यात तिचा प्रत्येक भाग चित्रासह दिला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून आजोबांनी ते माझ्या हातात ठेवले. मी त्याला खाकी कव्हर घातले, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. निम्मे समजले नाही. पण मागच्या स्प्रिंगांचे प्रकरण मला आवडले होते, कारण ते लिहिणाऱ्याने एकही वाक्य वाया घालवले नव्हते.

तेच प्रकरण तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

साध्या गाडीचे मागचे स्प्रिंग ओझे पेलण्यासाठी केलेले असतात, म्हणून ते कडक असतात. ओझे असले की गाडी नीट चालते आणि रिकामी असली की उसळते. आपली गाडी बनवणाऱ्यांनी मागचे स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवले. रिकाम्या गाडीपुरतेही त्यांचे बळ जेमतेम. वरचे ओझे पेलण्यासाठी त्यांनी मागच्या दोन चाकांच्या बरोबर मधोमध, आसाच्या वर, एक नळकांडे बसवले. जाडीला माझ्या दंडाएवढे. त्याचे खालचे टोक आसाला धरलेले आणि वरचे गाडीच्या सांगाड्याला.

या नळकांड्यात तेल आहे आणि दाबून भरलेला वायू आहे. तेलाचे दोन कप्पे आहेत, एकात दाब कमी आणि दुसऱ्यात जास्त. मधून एक बारीक दांडा जातो. चाक खड्ड्यात जाते आणि वर येते, तसे नळकांडे थोडे लांब आणि थोडे आखूड होते, आणि त्याबरोबर हा दांडा आतल्या आत पंपासारखा चालतो. प्रत्येक धक्क्याला जरासे तेल कमी दाबाच्या कप्प्यातून जास्त दाबाच्या कप्प्यात जाते. तिथला दाब वाढत जातो आणि नळकांडे गाडीला वर ढकलू लागते. ठरलेली उंची आली की दांड्यावरचे एक छिद्र उघडे पडते आणि पुढचे तेल आल्या वाटेने परत जाते. म्हणून गाडी त्याहून वर जात नाही. ओझे उतरवले की ती क्षणभर मागून उंच होते, छिद्र उघडते, तेल परतते, आणि ती पुन्हा आपल्या जागी येते.

याला वीज लागत नाही, इंजिनाचा पट्टा लागत नाही, बटण नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप तुम्ही मारता, इथे तो रस्ता मारतो. उभ्या गाडीत नळकांडे काहीच करू शकत नाही. चालावे लागते. आपल्या गावच्या रस्त्यावर दोन किलोमीटर पुरत.

आता आजोबांचे सांगते.

गाडी घरी आल्यानंतर चौथ्या वर्षी ते विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि पाठीच्या एका मणक्याला चीर गेली. तीन महिने ते उताणे पडून होते. उठले तेव्हा कमरेला पट्टा होता आणि डॉक्टरांनी बजावले होते की धक्का चालणार नाही. ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही, एसटीसुद्धा नाही. आपले शेत घरापासून चार किलोमीटर, आणि वाट पांदणीची, म्हणजे शेतांच्या मधून जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटेची. पायी जाणे शक्य नव्हते. सकाळी शेत पाहून आल्याशिवाय ज्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे, तो खाटेवर बसून पत्र्यावरची चिमणी पाहत राहायचा.

ही गाडी मऊ होती. रिकामीही आदळत नसे आणि भरलेलीही. म्हणून मी चोपन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. शेजारी बसून आजोबाच शिकवत. मी क्लच झटक्याने सोडला की म्हणायचे, "वह्या तपासताना घाई करत नाहीस, इथंच का करतेस?" महिनाभरात मी त्यांना रोज सकाळी शाळेआधी शेतात सोडू लागले आणि दुपारी आणू लागले. त्यांच्यासाठी आंब्याखाली खुर्ची ठेवलेली असे. तिथून ते सगळ्या कामावर लक्ष ठेवत. जेवण पुन्हा जाऊ लागले.

मग मी ती गाडी मोडली.

आमच्याकडे गाडीत किती माल भरायचा हे वजन करून ठरवत नाहीत. माणूस मागे उभा राहतो आणि चाक व त्याच्यावरची पत्र्याची कड यांच्यामध्ये हात घालतो. चार बोटे जागा उरली की गाडी 'बसली', भरणे बंद. बाजाराच्या जीपवाल्यांपासून सगळ्यांची हीच रीत, आणि साध्या गाडीला ती बरोबर लागू पडते. वर्षानुवर्षे त्या हाताने कुणाला फसवले नव्हते.

माघातला तो धाड गावच्या बाजाराचा दिवस होता. ओली मिरची तोडून झाली होती. शेतात आम्ही पोती भरली, हात घातला, चार बोटे उरली, थांबलो. पांदणीने चार किलोमीटर गावात आलो. तोपर्यंत नळकांड्याने आपले काम केले होते आणि गाडी सरळ झाली होती. शेजारच्या शेतकऱ्याने मागे हात घातला आणि म्हणाला, "बाई, पुरा पंजा जाते अजून. माही दोन पोती टाकू काय?" मी हो म्हणाले. गाडी बसली. फाट्यापर्यंत आलो तोवर पुन्हा उठली. फाट्यावर बाजाराला निघालेल्या बाया होत्या, टोपल्या होत्या. पुन्हा हात घातला गेला. या वेळी मी स्वतः उतरून घातला. भरपूर जागा होती, म्हणून बाया आणि टोपल्याही घेतल्या.

आजोबा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "तुझ्या पुस्तकात किती वजन लिहिलंय?"

मी म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यांनी धाडचा बाजार कुठे पाहिलाय."

बाया हसल्या, मीही हसले. वजनाचा आकडा मला पाठ होता. पण डोळ्यांना दिसत होते ते खरे मानले. गाडी बसत नव्हती म्हणून तिच्यावर ओझेच नाही, असे मी धरून चालले होते. खरे तर तिने दोनदा ओझे उचलून धरले होते, आणि ती ते दाखवत नव्हती.

धाडच्या अलीकडे नाल्यावर रपटा आहे. पाणी वरून जावे म्हणून बांधलेला तो सिमेंटचा ठेंगणा पूल. त्याच्या कडेला पावसाने खड्डा केला होता. मागची चाके त्यात गेली, खालून बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी मागून टायरवर टेकली. उतरून पाहिले तर रपट्यावर तेलाचा ओघळ होता. बाया मागून आलेल्या जीपमध्ये बसल्या, पोती दुसऱ्या गाडीत गेली. आजोबांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती आणि बोटे पांढरी पडली होती. रिकामी गाडी सावकाश हाकत आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी त्यांनी शेतात जायचा हट्ट धरला. गाडी रिकामी होती, तरी नळकांड्याशिवाय ती मागून लोंबत होती आणि प्रत्येक खड्ड्याला तळाशी जाऊन आदळत होती. अर्ध्या पांदणीतून मी गाडी वळवली. घरी आल्यावर पट्टा सोडता सोडता ते म्हणाले, "पुरे आता. पाडव्याला शेत मक्त्यानं देऊन टाकू."

तुम्हाला मक्ता माहीत नसेल. ठरलेली रक्कम घेऊन वर्षभरासाठी शेत दुसऱ्याला कसायला द्यायचे. आमच्या भागात असे सगळे व्यवहार गुढीपाडव्याला ठरतात, कारण शेतीचे वर्ष तेव्हा उलटते. एकदा मक्त्याने दिले की वर्षभर त्या बांधावर आपल्याला काम नाही. आजोबांसाठी याचा अर्थ खाट आणि चिमणी एवढाच होता. मला तो चांगला कळत होता.

मी म्हणाले, पाडव्याला अजून पाच आठवडे आहेत.

गाडी बुलढाण्याला मिस्त्रींकडे नेली. त्यांचे दुकान रस्त्याच्या कडेला, एका पत्र्याखाली होते. बोअरच्या गाड्यांपासून सगळे दुरुस्त करणारा माणूस. ते खाली सरकले, बराच वेळ आत राहिले आणि हात पुसत बाहेर आले.

"बाई, नळकांडं मेलं. काढून फेकू अन् जाड स्प्रिंगा टाकू. जिंदगीभराची कटकट गेली."

"गाडी मऊ राहील का?"

"राहीन ना. बैलगाडीइतकी."

मी त्यांना आजोबांच्या पाठीचे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले की हे नळकांडे करते काय, हेच त्यांना माहीत नाही. अशी वस्तू त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती. मी पिशवीतून पुस्तक काढले.

पुढचे तीन रविवार आम्ही त्या पत्र्याखाली बसलो. मी एकेक वाक्य मराठीत सांगायची आणि ते मला त्याचा अर्थ सांगायचे. तुम्हाला हे उलटे वाटेल, पण तसेच होते. शब्द मला येत होते, वस्तू त्यांना येत होती. दुसऱ्या रविवारी त्यांनी फुटलेले नळकांडे एका टोकाकडून करवतीने कापून उघडले. आतला वायू तर रपट्यावरच निघून गेला होता. बारीक दांडा वाकून मोडला होता. ते ती दोन टोके जुळवून दाखवत म्हणाले, "एवढूसा दांडा, अन् तुम्ही त्याच्यावर अख्खा बाजार बसवला." ते खरे होते.

पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिले होते की हा भाग दुरुस्त करता येत नाही, पूर्ण बदलावा. नवा मिळावा म्हणून मी परदेशात, गाडी बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवले होते. उत्तर वेळेवर आले आणि चांगल्या इंग्रजीत होते. तो भाग बनणे बंद झाले होते. पाडव्याला तेव्हा दोन आठवडे राहिले होते. आजोबांनी मक्त्यासाठी गावातल्या दोघांना निरोपही दिला होता.

तेव्हा मला दुसरी गाडी आठवली.

मिस्त्री आणि मी निघालो. आपलीच गाडी, मागून लोंबती, रिकामी. राजूरचा घाट उतरायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मोताळ्यात चहा घेतला आणि अकराच्या सुमाराला वडनेरला पोचलो. ज्या शेतकऱ्याने गाडी घेतली होती तो घरीच होता. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याची गाडी गोठ्याशेजारी उभी होती आणि मागून आपल्या गाडीपेक्षा वीतभर उंच दिसत होती. मिस्त्रींनी नुसते पाहून मला हळूच सांगितले की यात जाड स्प्रिंग आहेत.

नळकांडे शोधावे लागले नाही. अंगणात पाण्याचा हौद होता, त्यावर पत्र्याचे झाकण, आणि झाकणावर ते आडवे ठेवले होते. वानरे झाकण सरकवून पाणी नासवतात, म्हणून.

मी ते मागितले. शेतकऱ्याने कमरेवर हात ठेवले.

"आमच्या मिस्त्रीनं सांगतलं हे फालतू हाय. अन् तुम्ही घाट उतरून याच्यासाठी आल्या. मंग हे फालतू कसं काय?"

मिस्त्री मला डोळ्याने खुणावत होते. फालतूच आहे म्हणा आणि उचला, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते जमले नसते, आणि जमवायचेही नव्हते. मी सांगितले की ते फालतू नाही, त्यांच्या मिस्त्रीने चूक केली. माझे तर मी माझ्या हाताने तोडले. ते काय काम करते तेही सांगितले.

तो काही बोलण्याआधी त्याची बायको दारातून म्हणाली, "मी सांगून राह्यली होती. पहिले गाडी अशी आपटत नोती. माह्या कमरेनं ओळखलं, तुमच्या मिस्त्रीनं नाई ओळखलं."

"मंग आता आपल्याच गाडीले लावू," तो म्हणाला.

हे मला अपेक्षित होते. मी विचारले, काढलेले मऊ स्प्रिंग कुठे आहेत. ते भंगारात गेले होते. मग मी समजावून सांगितले की जाड स्प्रिंगांची गाडी मुळात बसतच नाही, आणि गाडी बसली नाही तर नळकांड्याला उचलायला काही उरत नाही. दोन्ही एकमेकांसाठी केलेले. एक गेले की दुसरे नुसते लोखंड. त्याने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री म्हणाले, "बाई पुस्तकातलं सांगतात, पण बराबर सांगतात."

शेतकऱ्याने विचार केला आणि अट घातली. इथेच लावा, इथेच भरा, इथेच चालवा. "उठली तं घेऊन जा. नाई उठली तं पुन्हा हौदावर. मले तुमचं भाषण नाई, गाडी उठलेली पाह्यजे."

कडुनिंबाखाली मिस्त्रींनी तीन तास काम केले. खालचा सांधा आमच्या जुन्या नळकांड्यावरचा बसवला, कारण त्याचा गंजला होता. मग गाडी भरायची होती. सरकीची पोती होती. या वेळी मी कुणाला हात घालू दिला नाही. प्रत्येक पोत्याचे वजन विचारले, बेरीज केली आणि सातवर थांबवले. पर्समधून कापड मोजायची टेप काढून चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची भरण्याआधी घेतली होती, ती भरल्यावर पुन्हा घेतली आणि दोन्ही आकडे वहीत लिहिले. गाडी मागून चार बोटे बसली होती.

"हायवेनं जाऊ," शेतकरी म्हणाला. "तुमची गाडी काऊन खराब करता." तो पाहुणचार होता. आम्ही नांदुऱ्याच्या दिशेने चार किलोमीटर गेलो, वळलो आणि परत आलो. अंगणात शेजारपाजारचे पाचसात लोक जमले होते. मी टेप लावली. एक बोटभरही फरक नव्हता.

"चला," शेतकरी म्हणाला, "वानरं वाट पाहून राह्यले."

लोक हसले. मिस्त्री खाली वाकून पाहून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "इतके वर्षं उन्हात पडलं. सील वाळलं असन, बाई. राहू द्या." ते हत्यारे गोळा करू लागले.

मी गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतले. पुस्तक उघडले नाही, ते पाठ झाले होते. आपली पांदण डोळ्यांपुढे आणली. तिथे दोन किलोमीटरमध्ये गाडी उठत असे. इथे आठ किलोमीटर चालली आणि उठली नाही. फरक काय होता? हायवे. नुकताच केलेला, ओट्यासारखा सपाट हायवे. त्यावर चाके वरखाली झालीच नव्हती. दांडा हलला नव्हता, तर पंप कोण मारणार होते?

मी काच खाली केली आणि शेतकऱ्याला विचारले, "तुमच्या गावातला सगळ्यात वाईट रस्ता कोणता?"

"वाईट रस्ता? बाई, तुम्ही मागावं अन् आमच्याजवळ नसावं, असं होते काय?"

तो स्वतः शेजारी बसला, मिस्त्री मागे पोत्यांवर. रस्ता त्याच्या शेताकडे जाणारा होता. काळ्या जमिनीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडून वाळून दगड झाल्या होत्या. मी दुसऱ्या गिअरमध्ये, एकही खड्डा न चुकवता गेले. एरवी मी खड्डे चुकवण्यात वाकबगार झाले होते. शेतकरी छताची दांडी धरून म्हणाला, "एखादा तं सोडा." मी सोडला नाही. किलोमीटरभर गेल्यावर उतरून टेप लावली. एक बोट. मी पुन्हा बसले. त्याच्या विहिरीपर्यंत गेलो, दोन बोटे. वळून परत निघालो तेव्हा मिस्त्री मागून सांगू लागले की मागची बाजू आता तळाशी जात नाही.

अंगणात आलो. टेप लावायची गरज नव्हती तरी मी लावली आणि आकडा लिहिला. रिकाम्या गाडीच्या उंचीपेक्षा अर्धे बोट कमी. शेतकऱ्याच्या बायकोने पुढे येऊन चाकावर पंजा घातला, तो पुरा आत गेला. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"घेऊन जा," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "अन् हौदावर काय ठेवू?"

मिस्त्रींनी आमचे कापलेले नळकांडे मागून काढून त्याच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांना गाडीत बसवले. काय झाले ते सगळे सांगितले होते, तरी त्यांनी नेहमीसारखी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. पांदणीत पहिला मोठा खड्डा आला, मग दुसरा. ओढ्याजवळ त्यांनी एक हात सोडला. आंब्यापर्यंत पोचलो तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते. खुर्चीत बसून त्यांनी मिरचीच्या शेवटच्या तोड्याची चौकशी केली आणि मला शाळेला उशीर होईल म्हणून हाकलले.

पाडव्याला दोघे जण मक्त्यासाठी आले. आजोबांनी त्यांना गाठी दिली, चहा दिला. त्यातल्या एकाने आकडा सांगायला सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला उगाच चक्कर पडली. शेत यंदा मीच पाहतो." मी आत कप धूत होते. कप विसळायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.

त्यानंतर मी गाडीच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून घेतले: सात पोती. हात घालून पाहू नये. बाजारात यावरून मला खूप बोलणी बसली. "बाईची गाडी वजन विचारते, मंग दार उघडते," असे जीपवाले म्हणत. आठवे पोते कुणी आणले तर मी ते खाली ठेवायला लावत असे, मग ते कुणाचेही असो. आपल्या सख्ख्या दिराचेही एकदा ठेवायला लावले. ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

आजोबा पुढे अकरा वर्षे रोज शेतात गेले. शेवटच्या आजारपणातले वीस दिवस सोडले तर एकही पाडवा, एकही तोडा चुकला नाही.

तुमच्या बाबांना म्हणावे, जाड स्प्रिंग बसवले की मग मऊ स्प्रिंग भंगारात जातात आणि परत फिरता येत नाही. बिघडण्याआधी काढू नये. बिघडले तर आधी विचारावे की ते कशाने बिघडले.

आता काय शिल्लक आहे ते लिहून थांबते. पांदणीवर सिमेंटचा रस्ता झाला आहे, म्हणून गाडीला उठायला पूर्वी दोन किलोमीटर लागत, आता पाच लागतात. भरल्यावर ती रिकाम्या उंचीच्या एक बोट खाली थांबते, पूर्वी अर्धे बोट होते. तेल गळत नाही. मऊ स्प्रिंग मूळचेच आहेत. गाडी मीच चालवते, दिवसा आणि शेतापर्यंतच; विमानतळासारखे लांब जायचे असले की ड्रायव्हर बोलावते. शेत मक्त्याने दिलेले नाही.